आतून लावायची कडी

वस्ती, शिंगणापूर शिवार
१२ जून २०२५

ती. सत्यशीला मावशीस,
निकिताचा सा. न.

तुझं पाकीट मिळालं. तू मराठीत आणते आहेस त्या पोथीची पहिली तीन प्रकरणं वाचली. तू म्हणालीस, ‘तू माझी साधी वाचक, अडलं तिथे खूण कर,’ म्हणून पेन्सिल घेऊन बसले होते. पण फारसं अडलं नाही. तीनशे वर्षांपूर्वीचे जपानी हेर कोणाच्या घरात कसे शिरायचे, हे नगरच्या मराठीत वाचताना गंमत वाटते. ‘चोरपावलांनी’ हा शब्द तू फार वेळा वापरला आहेस, तेवढं बघ.

माझा मोबाईल फुटला, आणि गोरख म्हणतात, घरात एक आहे तो पुरे. तो सासूबाईंच्या कनवटीला असतो. म्हणून पत्रच लिहीत जा. आमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, देवळाजवळ तेल आणि रुईच्या माळा विकतात तेच दुकान. माझे थोरले दीर, मोठे दादा, पत्र आणून देतात. माझं पत्र पेटीत टाकायलाही तेच नेतात. त्यांना तुझी पोथी आवडली, मला देण्याआधी तेच वाचून काढतात.

गोरख घोडेगावचा कांदा भरून सुरतेकडे गेले आहेत. जया आता दुडुदुडु पळते. आईचं नाव ठेवलं खरं, पण चेहरा तुझ्या वळणावर गेलाय. सासूबाई तिला दुपारी दुकानावर घेऊन जातात. दुपारी घरात मी एकटीच असते, त्यामुळे वाचायला वेळ मिळतो.

पुढची प्रकरणं लवकर पाठव.

तुझी निकिता


सावेडी, अहिल्यानगर
२० जून २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

अगं, मोबाईल फुटला ते बरंच झालं! एरवी तू मला अंगठा वर केलेलं चित्र पाठवून मोकळी झाली असतीस. ‘चोरपावलांनी’ कापायला घेतलंय. कापून कापून आता हेर घरात धपधप चालत शिरतात की काय, अशी भीती वाटते.

तुझ्या मोठ्या दादांना माझा नमस्कार सांग. एकावर एक वाचक फुकट! पुण्याच्या एका प्रकाशकाने मला काय सांगितलं ठाऊक आहे? ‘बाई, मुखपृष्ठावर काळा बुरखा आणि तलवार टाकू, पोरं घेतील.’ मी म्हटलं, अहो, माझ्या पोथीत तलवार शोधून सापडायची नाही. ज्याच्यावर तलवार उपसायची वेळ येते तो हेर कच्चा. तर म्हणाला, मग घेणार कोण? सुप्याच्या कारखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं जपानी साहेबांची बोलणी मराठीत करण्यात घालवली. बोल्ट, नट, सुट्टी, बोनस. ओनो साहेबांनी मायदेशी जाताना ही पोथी हातात ठेवली, तेव्हा वाटलं, आता कुठे भाषेचं चीज झालं. म्हातारपणी एवढं एक पुस्तक व्हावं, बाकी काही मागणं नाही.

आणि गंमत बघ. पोथीतली निम्मी विद्या दारं, अडसर, कड्या आणि कुलुपं यांची. आणि माझी पहिली वाचक राहते कुठे, तर जिथे घराला दारच लावत नाहीत तिथे! तुमच्याकडे हे हेर आले असते तर उपाशी मेले असते बिचारे. चौथं प्रकरण कड्या-कुलपांचं आहे, ते तुझ्या काही उपयोगाचं नाही. तरी पाठवते.

जयाला पापा.

मावशी


८ जुलै २०२५

ती. मावशीस,
सा. न.

चौथं प्रकरण वाचलं. कडीचे इतके प्रकार असतात हे माहीत नव्हतं. चित्रं काढून दाखवलीस ते छान केलंस. आतून लावायची ती लाकडी कडी, भिंतीत सरकणारी, मी बराच वेळ बघत बसले.

मला एक विचारायचं आहे. सगळी पोथी शिरणाऱ्याच्या बाजूने आहे. आत जो माणूस आहे त्याच्यासाठी काही लिहिलंय का? कोणी येतंय हे त्याला आधी कसं कळावं? आमच्यासारखं घर धर. उंबरा आहे, चौकट आहे, दार नाही. खोलीला तू लग्नात दिलास तो निळा पडदा. पडदा वाजत नाही. असं घर असेल तर पोथी काय सांगते?

गोरख एक दिवस येऊन पुन्हा गेले. कांद्याला भाव नाही, म्हणून फेऱ्या वाढवल्यात. थांबा म्हटलं, तर हसले.

उत्तर लवकर दे. हे प्रकरण आधी केलंस तर बरं होईल.

निकिता


१७ जुलै २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

शाबास! याला म्हणतात वाचक. कारखान्यातली माझी एक मैत्रीण आहे, तिने तीन प्रकरणं वाचून एवढंच विचारलं की हे लोक जेवायचे काय. आणि तू थेट वर्मावर बोट ठेवलंस. आतल्या माणसासाठी पोथीत स्वतंत्र प्रकरण आहे. अगदी शेवटी आहे, पण तुझ्यासाठी हातातलं सोडून तेच करायला घेतलं.

तर ऐक. चौकटीच्या आत, पाऊल पडेल अशा जागी कोरडं धान्य पसरावं. अनवाणी पायाखालीही ते करकरतं. (तिथे भाताचा कोंडा आणि खडे म्हटलंय, मी आपली ज्वारी केली.) घोट्याच्या उंचीवर काळा दोरा बांधून त्याचं टोक भांड्याला अडकवावं. अंथरूण रोज त्याच जागी घालू नये. चौकटीकडे पाठ करू नये. आणि सगळ्यात नामी युक्ती म्हणजे झोपेचं सोंग: खरं झोपलेल्या माणसाचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच अडखळतो. सोंग करणारा फार नेमका श्वास घेतो आणि तिथेच पकडला जातो. काय बारकावा आहे! हे वाक्य मराठीत आणताना मी उठून टाळ्या वाजवल्या, शेजारच्यांना वाटलं भजन चालू आहे.

मोठ्या दादांना हे प्रकरण कसं वाटलं, ते नक्की कळव.

मावशी


११ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस,
सा. न.

पंचमीला तुझ्याकडे यायचं म्हणत होते. गोरख हो म्हणाले होते, पण गाडीवर गेले. मग मोठे दादा म्हणाले, ‘आता श्रावणाची गर्दी हाय, दुकान सोडून तिला पोचवायला कोन जानार?’ सासूबाई म्हणाल्या, ‘तुला जायचं तर जा की एकली. पोर ऱ्हाईल आमच्यापाशी.’ जयाला ठेवून मी कशी येऊ?

ज्वारी टाकून पाहिली. तू लिहिलंस तसाच आवाज येतो. मी उठून बसले, आणि मोठ्याने ‘कोण हाय?’ म्हटलं. पाऊल मागे फिरलं. दोन-तीनदा उपयोग झाला.

पोथीतल्या माणसाविषयी आणखी एक विचारते. येणारा शत्रूकडचा नसून त्याच घरातला असेल, घरात त्याचा मान असेल, आणि आतल्या माणसाचं कोणी ऐकणार नसेल, तर पोथी काय सांगते? त्याने कोणाला सांगावं?

निकिता


२८ ऑगस्ट २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

पंचमीला वाट पाहून पाहून पुरणाची दिंडं मी एकटीनेच खाल्ली आणि दोन दिवस पोट धरून बसले. सासरी रमलीस की माहेर आठवत नाही, हे जुनंच आहे. आई नसली की मावशी, आणि मावशीही नगरला म्हणजे शिंगणापूरपासून हाकेच्या अंतरावर. असू दे. रागावले नाही. म्हणजे थोडी रागावले.

तू प्रयोगसुद्धा केलास! मांजर होतं की कुत्रं? प्रस्तावनेत लिहीन, ‘एका चोखंदळ वाचकाने ही विद्या शिंगणापूर शिवारात पडताळून पाहिली.’

घरातल्याच माणसाचा प्रश्न फार मोलाचा विचारलास. पोथीत हेरांचे प्रकार सांगितलेत, त्यात घरभेदी हा सगळ्यात वरच्या पायरीचा, कारण त्याला कुठे शिरावं लागत नाही. त्याच्यावर उपाय काय, तर पोथी चक्क हात वर करते. म्हणते, घरच्या धन्याला खूण करावी. आणि धनीच दूर असेल तर पहाट होईपर्यंत जागं राहावं. एवढंच. मला हे फार काव्यमय वाटलं. तुला?

‘चोखंदळ’ की ‘चिकित्सक’, तेही कळव.

मावशी


वस्ती
२३ सप्टेंबर २०२५

मावशी,

हे पत्र शरिफाभाभींच्या हाती देते आहे. त्या वस्तीवर बांगड्या घेऊन येतात. त्या घोडेगावात पेटीत टाकतील.

तू लिहिलेले उपाय आता चालत नाहीत. ज्वारी पसरली की ती आधीच झाडून एका कडेला केलेली असते. दोरा कापलेला असतो. अंथरुणाची जागा बदलली तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण जागा बदलावी हेही तूच लिहिलं आहेस. मावशी, इथे तुझी पत्रं वाचणारे आम्ही दोघंच आहोत.

आता तरी समजून घे. मोठे दादा दुपारी जेवायला घरी येतात. जाऊबाई गेल्यापासून ते येतात. आधी नुसतं पडद्यापाशी उभे राहायचे. आता उभे राहत नाहीत.

तू म्हणशील नवऱ्याला सांग. सांगितलं. ते म्हणाले, ‘बाप गेल्यावर दादानं मला खांद्यावर घेऊन वाढवलाय. ह्ये पुन्यांदा तोंडातून काढू नको.’ त्याच दिवशी गाडी घेऊन गेले. सासूबाईंना सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी जयाला उचलली आणि आत गेल्या. तेव्हा कळलं की त्यांना माहीत आहे.

मला फार काही नको. पोथीतल्या चित्रातली ती कडी हवी आहे. दुपारपुरती.

उत्तर दुकानावरच येईल, तेव्हा जपून लिही.

नि.


५ ऑक्टोबर २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद. घरात सर्वांना, विशेषतः मोठ्या दादांना नमस्कार.

पोथीचं काम थोडं बाजूला ठेवलं आहे. डोळे दुखतात. तू वाचलंस, मोठ्या दादांनी वाचलं, मी भरून पावले.

सध्या पेपरात रोज बिबट्याच्या बातम्या येतात. उसातून निघतो आणि सरळ वस्तीत शिरतो म्हणे. तुमच्या मागे तर सगळा ऊसच आहे. लहान पोर घरात असताना मला बाई झोप लागत नाही. दिवाळीला तुला साडी घेणार होते, पण साड्या तुझ्याकडे आहेत. म्हणून यंदा पाडव्याला मीच येते, भेट घेऊन. काय आणते ते आल्यावर बघ. सासूबाईंना सांग, म्हातारीचा हट्ट आहे, मोडू नका.

पोथीत एक वाक्य आहे, ते मला परवापासून आठवतं आहे. ज्या घरात लपून जाता येत नाही तिथे उजेडी, समोरून, हातात भेट घेऊन जावं. मी तसंच करणार आहे. तोवर जप. जेवत जा.

मावशी


२९ ऑक्टोबर २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचले. तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. तू चहा घेऊन आलीस, मी तुझ्याकडे पाहिलं, तू जमिनीकडे. जयाला जवळ घ्यायला गेले तर ती आजीच्या पदरात लपली.

त्याच टेम्पोतून परतले. आणलेली वस्तू माझ्या गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. येता-जाता दिसते. मला वाटलं होतं मी फार हुशारीने वागते आहे.

चार कपडे घे आणि जयाला घेऊन निघून ये. भाऊबीज नाही, तर मावशीबीज म्हण. घर आहे, मी आहे. कोणाला राग येत असेल तर येऊ दे. हे पत्र ज्याला वाचायचं त्याने खुशाल वाचावं.

एक ओळ लिही गं.

मावशी


वस्ती
१७ नोव्हेंबर २०२५

मावशी,

शरिफाभाभी आज आल्या, म्हणून आज लिहिते. तुझं पत्र मला मिळालं नाही. मोठ्या दादांनी मला ते ओसरीवर, सासूबाईंच्या समोर, मोठ्याने वाचून दाखवलं. ‘ज्याला वाचायचं त्याने खुशाल वाचावं’ हे दोनदा वाचलं.

पाडव्याला तू आलीस तेव्हा मी चुलीपाशी होते, पण तिथून अंगण दिसत होतं आणि तुमचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. टेम्पोतून दार उतरवताना सगळी वस्ती गोळा झाली. सागवानी दार, चौकटीसकट, पितळी कडीचं. तू बिबट्याचं सांगितलंस ते नीट सांगितलंस. सासूबाई म्हणाल्या, ‘आमी रातच्याला फळी लावतो की आडवी, कुत्र्यामांजराला तेवढी बास हुती.’ तू म्हणालीस, फळी बिबट्याला अडवणार नाही. लोक माना हलवत होते. वाल्मिकतात्या तर म्हणाले, ‘बाईचं खोटं न्हाई, काळ बदललाय. गावात बी काहींनी लावलीत.’ मला क्षणभर वाटलं, होतंय.

मग मोठे दादा उठले. दोरीने दार मापलं, चौकटीपाशी गेले, आणि हसले. म्हणाले, ‘मावशी, ह्ये दार घराच्या तोंडाला बसना. लई आरुंद हाय. ह्ये तर निकिताच्या खोलीचं माप हाय. बिबट्या काय गल्ली इचारत थेट तिच्याच खोलीत जानार हाय व्हय?’

सगळे हसले. तूही हसायचा प्रयत्न केलास. पडद्याचं माप तुझ्याकडे होतं, त्यावरून तू दार केलंस. मावशी, तू एवढी पोथी मराठीत आणलीस आणि मोठं दार आणायचं तुला सुचलं नाही. मी तुला दोष देत नाही. मलाही सुचलं नसतं. आपल्या मनात ती एकच खोली होती.

लोक पांगले तेव्हा हसत नव्हते. इथे दार मागायचं म्हणजे घरात चोर आहे म्हणायचं, हे तुला नगरला राहून कसं कळावं? आणि खोलीला दार मागायचं म्हणजे कोण चोर, तेही सांगून झालं. वाल्मिकतात्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणातून जाईनासे झाले. त्यांना समजलं असावं. समजलं म्हणूनच येत नाहीत.

गोरखना बोलावून घेतलं. ते आल्या आल्या दादांपाशी जाऊन बसले. सासूबाईंनी मला शनिवारी देवाला तेल घालायला नेलं, आणि सगळ्यांदेखत म्हणायला लावलं, की माझ्या मनात घराविषयी वाईट आलं, माफ कर. मी म्हटलं. देवाने काही केलं नाही, मावशी, देवाला कोणी खरं सांगितलंच नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘ज्या घरात दार नगं, तिथं आडोसा तरी कशापायी?’ आणि निळा पडदा काढून टाकला. त्याचं आता कांद्याच्या ऐरणीवर, त्या ढिगावर, झाकण झालं आहे.

तू बोलावतेस. पायात बेड्या नाहीत, रस्ता समोर आहे, घराला दार नाही. निघाले तर कोणी धरणार नाही. पण जया आता रात्रंदिवस सासूबाईंपाशी असते. माझ्या हाताने जेवायचं तिने सोडलं आहे. काल मला ‘आई’ म्हणाली आणि लगेच सासूबाईंकडे बघितलं, चालतं का म्हणून. पोलिसांत जा असं लिहू नकोस. शरिफाभाभींनीही तेच सांगितलं. गोरख दादाच्या बाजूने सांगतील, सासूबाई सांगतील, सगळी वस्ती सांगेल की हिला तर घरात दार हवं होतं. आणि त्या दिवसापासून जया मला दिसणार नाही. मी विचार केलेला आहे, खूप केला आहे.

पोथी छापून घे. माझ्यापायी थांबू नकोस. तुझी एवढीच एक इच्छा आहे, आणि पोथी चांगली आहे, हे खरंच सांगते. फक्त आतल्या माणसाचं शेवटचं प्रकरण आहे ना, त्यात ते काव्यमय वगैरे काही नाही. तिथे तशी तळटीप देऊ नकोस.

मी आता दुपारी खोलीत जात नाही. कोणाला दिसू नये म्हणून काय करावं, हे सगळं पोथीत आहे. मी उलट करते. ओसरीच्या पुढे, अंगणात, ऊन असलं तरी, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी बसते. गहू निवडत बसते. येणारे-जाणारे हाक मारतात तेवढा वेळ बरं असतं. पण ऊसतोड सुरू झाली आहे. वस्तीवरची माणसं सकाळीच फडात जातात, आणि दुपारी रस्त्याला कोणी नसतं.

निकिता